ड्रायव्हर सीट लॉकच बसत नाही, ग्रीसिंग करूनही परत सरकते : नेमकं काय बघायचं

ही तक्रार इतक्या घरात ऐकलीय की एकदा नीट लिहूनच काढते. ड्रायव्हर सीट पुढे-मागे करून खालची दांडी सोडली की खट्ट आवाज यायला पाहिजे, तो येतच नाही, किंवा येतो पण जोरात ब्रेक मारला की सीट बोटभर पुढे जाते आणि चढावर क्लच दाबला की मागे जाते. गॅरेजला दाखवली की पोरगा खाली वाकतो, स्प्रे मारतो, दोनदा सीट हलवून दाखवतो, "झालं ताई" म्हणतो, आणि थोडे दिवस खरंच बरं चालतं आणि मग परत पहिले पाढे पंचावन्न. आमच्या गाडीला हेच व्हायचं, आम्ही नाशिकचे, गाडी जुनी हॅचबॅक, चालवणारे तिघं, नवरा सिन्नर एमआयडीसीला नेतो तो उंच, मी गंगापूर रोडला नेते मी बुटकी, मुलगा कॉलेजला, म्हणजे सीट दिवसातून कितीतरी वेळा पुढे-मागे होणार. ज्यांच्या घरी एका गाडीवर दोन-तीन जण आहेत त्यांनी हे नीट वाचा, कारण त्यांच्याच गाडीत हा प्रॉब्लेम जास्त लवकर येतो.

आधी एक महत्त्वाचं. सीट सरकतेय हे कळलंय तर दुरुस्त होईपर्यंत घाटात आणि हायवेला ती गाडी नेऊ नका, बाकी कामं नंतर. मुंबईहून येताना कसारा घाट चढताना पुढे ट्रक असतो, पहिला-दुसरा गिअर, क्लच सारखा दाबावा लागतो, डावा पाय क्लचला रेटतो तेव्हा पाठ सीटला तेवढ्याच जोरात मागे ढकलते आणि त्यात गाडी चढावर म्हणजे वजनही मागेच. वणीच्या गडावर नांदुरीपासून वर चढतानाही तेच, आणि तिथं तर वळणंच वळणं. नेमकी तिथं सीट मागे गेली की पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत, आणि माणूस घाबरून पहिलं काय धरतो तर स्टिअरिंग, ते ओढलं जातं आणि गाडी वाकडी होते. म्हणून समजा चालत्या गाडीत सरकलीच तर स्टिअरिंगला लटकायचं नाही, ते सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, कंबर उचलून सीटच्या पुढच्या कडेवर यायचं म्हणजे ब्रेक सापडतो, डावा इंडिकेटर देऊन हळूहळू कडेला घेऊन थांबायचं, हँडब्रेक लावायचा आणि मगच सीटला हात लावायचा. चालू गाडीत ती दांडी ओढून "नीट करून घेऊ" हा प्रकार करूच नका, सिग्नलला थांबल्यावरसुद्धा नको, ते द्वारका असो की मुंबई नाका, मागचा हॉर्न मारतो आणि आपण अर्ध्या लॉकवर निघतो.

आता हे लॉक असतं कसं ते समजून घ्या, म्हणजे गॅरेजवाल्याशी बोलता येतं. सीटच्या खाली दोन रेल असतात, एक दरवाजाच्या बाजूला, एक हँडब्रेकच्या बाजूला. प्रत्येक रेल दोन भागांची, खालचा भाग बोल्टनं फ्लोअरला पक्का आणि वरचा भाग सीटच्या फ्रेमला, वरचा खालच्यात सरकतो. एका भागाला ओळीनं खाचा किंवा दात असतात आणि दुसऱ्यावर स्प्रिंग लावलेला एक खटका असतो. तुम्ही दांडी उचलली की खटका खाचेतून बाहेर येतो, सोडली की स्प्रिंग त्याला परत खाचेत ढकलते, दाराची कडी कोयंड्यात पडते तसं. पण हे तेव्हाच होतं जेव्हा खटक्याच्या बरोबर समोर खाच येते. दोन खाचांच्या मधे थांबलात तर खटका दातावर टेकून राहतो, दांडी खाली आल्यासारखी दिसते, सीट लॉक झाल्यासारखी वाटते, आणि पहिल्या ब्रेकला ती सरकते. नशिबानं पुढच्या खाचेत पडते आणि तिथं खट्ट होतं. बऱ्याच जणांचा "प्रॉब्लेम" खरं तर एवढाच असतो, त्याला गॅरेजची गरज नाही. दांडी सोडल्यावर टाचा रेटून कंबरेनं सीटला एकदा पुढे आणि एकदा मागे झटका द्यायचा, खट्ट ऐकायचं, मग चावी. ही सवय घरातल्या प्रत्येकाला लावा, ड्रायव्हिंग शिकणाऱ्या पोरांना तर पहिल्या दिवसापासून.

आणि बहुतेक गाड्यांत दोन्ही रेलला खटका असतो ही गोष्ट लक्षात ठेवा, सगळी गंमत तिथंच आहे. दांडी एकच दिसते पण ती दोन्ही बाजूचे खटके उचलते, काही गाड्यांत वाकवलेल्या सळईनं, काहींत केबलनं. एका बाजूचा पडला आणि दुसऱ्या बाजूचा नाही पडला तर सीट बऱ्यापैकी घट्ट वाटते, रोज गावात फिरताना कळतही नाही. पण बऱ्याच गाड्यांत सीटबेल्टचं बकल सीटलाच बसवलेलं असतं, म्हणजे धडक झाली तर तुमच्या अंगाचा जोर बेल्टमधून बकलवर, बकलवरून सीटवर आणि सीटवरून त्या रेलवर येतो, तो एकट्या खटक्यानं झेलायचा. म्हणून "थोडी हलते, चालतंय" हे मला अजिबात पटत नाही.

टेस्ट घरीच होते. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला, गिअरमधे. सीट तुमच्या नेहमीच्या जागी लॉक करा, खाली उतरा, दरवाजा उघडा ठेवून दोन्ही हातांनी सीट धरा. कुठं धरता याला फार महत्त्व आहे. वरती पाठीजवळ धरून हलवली तर रिक्लायनरचा, म्हणजे पाठ मागे-पुढे करायच्या सांध्याचा, ढिलेपणा आणि रेलचा ढिलेपणा एकत्र दिसतो आणि काहीच कळत नाही. बसायच्या भागाला, अगदी खाली, फ्रेमजवळ धरा आणि पुढे-मागे जोर लावा. अख्खी सीट सरळ सरकली तर दोन्हीपैकी एकही खटका पडलेला नाही. एक कोपरा सरकला आणि सीट तिरकी झाली, म्हणजे त्या बाजूचा खटका पडलेला नाही, आणि मी बघितलेल्या गाड्यांमधे हाच प्रकार जास्त निघाला, तोही हँडब्रेककडच्या बाजूला, कारण तिकडं हात जात नाही, सफाई होत नाही आणि सगळं तिकडंच पडतं. सरकत नाही पण टकटक वाजते तर बोल्ट किंवा रेलमधली झीज. आणि बसायचा भाग दगडासारखा घट्ट पण पाठच हलतेय तर तो रिक्लायनर, त्याचं खाली लिहिलंय. हीच टेस्ट सीट अगदी पुढे, मधे आणि अगदी मागे अशी तीन ठिकाणी करा, कारण रोजच्या जागेचे दात झिजलेले असतात आणि बाकीचे नवे असतात.

आमच्या गाडीत काय निघालं ते सांगते, कारण निम्म्या नाशिकच्या गाड्यांत हेच निघेल. अंबडला एक वयस्कर मेकॅनिक आहेत, त्यांनी स्प्रेला हातच लावला नाही. सीट पूर्ण पुढे घेतली, मागच्या सीटच्या बाजूनं टॉर्च मारला, मग पूर्ण मागे घेऊन पुढून मारला. "ताई, इकडं या, बघा." आतल्या रेलच्या खोबणीत काळा घट्ट लगदा होता, जुनं ग्रीस, त्यात माती, त्यात केस, आणि त्या लगद्यात एक बेदाणा असा चिकटून बसलेला की आधी मला तो रबराचा तुकडाच वाटला. त्यांनी पातळ स्क्रू ड्रायव्हरनं तो उकरला तर खाली खाचेत साखरेचा थर, काचेसारखा कडक. खटका त्या खाचेवर यायचा, अर्धा आत जायचा आणि थांबायचा. आधीच्या प्रत्येक वेळी वरून ग्रीस मारलं गेलं होतं, म्हणजे सीट सरकायला मस्त गुळगुळीत, लॉक व्हायचं मात्र नाव नाही. त्यांचं म्हणणं, "ग्रीस सरकायला लागतं, थांबायला नाही. आधी पोट साफ करा तिचं." द्राक्षाच्या दिवसात पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडच्या गाड्यांत ते असंच काढतात म्हणे, मणी, काड्या, बागेतली माती. बाकी ठिकाणी चिल्लर, शेंगदाणे, चिवड्यातले पोहे, पेनाची टोपणं, हेअरपिन, लहान मुलांच्या खेळण्यातली चाकं, देवळातून आणलेल्या प्रसादाचे साखरफुटाणे.

म्हणून क्रम असा ठेवा की सगळ्यात आधी डोळ्यांनी बघायचं. सीट पूर्ण पुढे, मागून टॉर्च, सीट पूर्ण मागे, पुढून टॉर्च, मोबाईलचा व्हिडिओ चालू करून सीटखाली सरकवला तरी बरंच दिसतं. रेलमधे काही नाही असं दिसलं तर मग मॅट आणि कव्हर बघा.

मॅट : हल्ली ते जाड, कडा उभ्या असलेले मॅट सगळे टाकून घेतात, त्याची मागची कड सीटच्या खाली रेलवर चढते आणि दांडी पूर्ण खाली येऊच देत नाही. तुमच्या हाताला वाटतं दांडी सोडली, पण ती मॅटवर टेकलेली असते. मॅट बाहेर काढून टेस्ट करा, लॉक बसलं तर दोष मॅटचा, कड कापून घ्या किंवा तुमच्या मॉडेलचा बरोबर मापाचा मॅट घ्या. मॅटवर मॅट तर टाकूच नका, वरचा सरकून पेडलखाली जातो आणि तो वेगळाच धोका.

कव्हर : सीट कव्हरच्या खालच्या नाड्या, इलॅस्टिक आणि हूक सीटखाली बांधतात, आणि घाईत बांधणारा माणूस ज्या सळईला हात लागेल तिला बांधून मोकळा होतो. ती सळई कधी कधी लॉकचीच असते. मग नाडी तिला थोडी वर ओढून धरते, खटका पूर्ण पडत नाही. नवीन कव्हर टाकल्यापासून प्रॉब्लेम सुरू झाला असेल तर दुसरीकडं कुठं शोधतच बसू नका, नाड्या सोडा. कव्हरबद्दल अजून एक, सीटच्या बाजूला एअरबॅग असं लिहिलेलं छोटं लेबल असेल तर त्या सीटच्या आत साइड एअरबॅग आहे, तिथं बाजूनं घट्ट शिवलेलं कव्हर चालत नाही, एअरबॅग सीटच्या शिवणीतून फाडून बाहेर येते, तिला कव्हर आडवं आलं तर ती उशिरा किंवा वाकडी उघडणार. साइड एअरबॅगसाठी बाजू मोकळी ठेवलेलं किंवा त्यासाठी खास शिवण दिलेलं कव्हर मागा, आणि दुकानदार "काही होत नाही" म्हणाला तर दुसरं दुकान बघा, सरळ.

सफाई : आधी व्हॅक्यूम, चिंचोळ्या नळीनं. मग जुना टूथब्रश आणि कापड, लगदा जास्त असेल तर डब्ल्यूडी-40 सारखा स्प्रे कापडावर मारून पुसायचा. हा स्प्रे गंज आणि जुनं ग्रीस सोडवायला चांगला, पण तो मारून तसंच सोडून दिलं की असलेलं ग्रीसही धुऊन जातं आणि वर धूळ बसते, म्हणून पुसून कोरडं करणं हे मुख्य काम आहे आणि नेमकं तेच कोणी करत नाही. रेल कोरडी झाल्यावर सरकणाऱ्या भागावर पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात, पातळ म्हणजे पातळ, सीट दहा-बारा वेळा पूर्ण पुढे-मागे करून बाहेर आलेलं पुसून टाका. इंजिन ऑइल, खोबरेल तेल, शिलाई मशिनचं तेल नको, धूळ धरतात. कुठलाही स्प्रे किंवा रॉकेल सीटबेल्टच्या पट्ट्याला लागू देऊ नका, पट्ट्याला फक्त साधं साबणपाणी आणि सावलीत वाळवणं.

सीटखाली हात घालताना पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर त्यांना धक्का लावायचा नाही, ओढून बघायचं नाही. पिवळं म्हणजे बहुतेक वेळा एअरबॅग किंवा बेल्ट प्रीटेन्शनरची (धडकेला बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाची) वायर. चावी चालू असताना ते निघालं तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही, आणि तो दिवा चालू असेपर्यंत एअरबॅग उघडेल याची खात्री नाही. सीट पूर्ण काढायचीच असेल तर बॅटरीची मायनस वायर काढून गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा वेळ थांबून मगच कनेक्टर, आणि खरं सांगायचं तर साइड एअरबॅगवाली सीट घरी काढूच नका.

आता सीट काढण्यावरून आठवलं, ज्यांनी इंटिरिअर ड्रायक्लीन करून घेतलंय आणि त्यानंतर हे सुरू झालंय त्यांच्यासाठी वेगळं कारण आहे. ड्रायक्लीनला सीट बाहेर काढतात. बाहेर असताना दोन रेलपैकी एक एखाद्या दातानं पुढे-मागे होते आणि तशीच परत बसवली जाते, मग एका बाजूला खटका खाचेसमोर येतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा दातावर असतो, कितीही झटके द्या दोन्ही एकदम पडणारच नाहीत. किंवा एक बोल्ट आधीच पूर्ण आवळतात आणि मग बाकीचे, त्यानं रेल एकमेकींना समांतर राहत नाहीत, सीट अर्ध्यात अडकते. बसवायची पद्धत अशी की बसवण्याआधी दोन्ही बाजू सारख्या खाचेवर लॉक आहेत का बघायचं, मग सगळे बोल्ट हातानं धरवायचे, सीट मागे घेऊन पुढचे, पुढे घेऊन मागचे, थोडे थोडे करत, आणि शेवटी टॉर्क पान्यानं कंपनीनं दिलेल्या मापाइतके आवळायचे. अंदाजानं पाइप लावून आवळलेला बोल्ट फ्लोअरचे आटे खराब करतो. ड्रायक्लीनवाल्याकडं गाडी घ्यायला जाल तेव्हा सीटचा वास आणि डाग नंतर बघा, आधी लॉक बघा.

एवढं सगळं करूनही लॉक बसत नसेल तर स्प्रिंग मेलीय, केबल ताणलीय किंवा खटक्याचे आणि खाचांचे कोपरे गोल झालेत. टॉर्चमधे बघा, खाचेची कड धारदार चौकोनी दिसायला पाहिजे, गोल आणि चकचकीत दिसली तर ती झिजलीय. याला साफसफाई नाही, ग्रीस नाही, रेलचा सेटच बदलायचा. इथं काही जण स्वस्तातला मार्ग सांगतात, आमच्या ओळखीत एकाला "एका जागी वेल्डिंग मारून टाकू, तसाही तुम्हीच चालवता" असं सांगितलं होतं. अजिबात करू नका. वेल्डिंगनं रेलचं लोखंड ठिसूळ होऊ शकतं, शेजारी कार्पेट, फोम आणि एअरबॅगची वायर आहे, आणि उद्या बुटक्या माणसाला चालवायची वेळ आली तर पाय पोचणार नाहीत. लाकडाची पाचर, दगड, सीटच्या मागे टेकवलेली पाण्याची कॅन हे तर उपायच नव्हेत. रेलचा जुना सेट भंगारातून घेतला तर तो तुमच्यासारखाच झिजलेला असू शकतो, म्हणून इथं पैसे वाचवायला जाऊ नका. आणि बदलण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीनंच गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं, आहे का बघून घ्या, सीटच्या भागासाठी रिकॉल निघालेले आहेत वेगवेगळ्या कंपन्यांचे, असेल तर काम फुकट होतं. पुरात उभी राहिलेली किंवा पावसात आत पाणी गेलेली गाडी असेल तर रेलवरच्या गंजासोबत बेल्टचं बकल आणि सीटखालच्या वायरीही तपासून घ्या, गोदावरीच्या काठाला गाडी लावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

पाठ हलते त्यांच्यासाठी. रिक्लायनर दोन प्रकारचा, झटका मारायचा लिव्हर किंवा फिरवायची गोल नॉब. लिव्हरवाल्यात पाठ सोडल्यावर तीही दोन दातांच्या मधे राहू शकते, म्हणून पाठीनं मागे रेटून बघायचं. फक्त एकाच बाजूचा दात धरत असेल तर पाठ पिळल्यासारखी होते, वरचा एक कोपरा मागे जातो. इथं घरी उघडण्यासारखं काही नाही, आत ताणलेली जोरदार स्प्रिंग असते, ती सुटली तर बोटं जातील. गॅरेजला रिक्लायनर बदलूनच घ्या. पॉवर सीट ज्यांची आहे त्यांची सीट बहुतेक सरकत नाही, ती हलतच नाही अशी तक्रार असते, तेव्हा सीटखाली बाटली किंवा बूट अडकलाय का, मग फ्यूज, मग स्विच. अडकलेली असताना बटण दाबून धरू नका, मोटर तापते.

लॉक नीट झालं की सीट लावायची कुठं हा प्रश्न उरतो, आणि सीट चुकीच्या जागी असली की माणूस चालवताना सारखा चुळबुळ करतो, सारखी दांडी ओढतो, दात तिथंच झिजतात, म्हणून हे दुरुस्तीइतकंच कामाचं आहे. उंची आधी, कारण उंची बदलली की पुढचं सगळं बदलतं. बुटक्या माणसांनी सीट पुढे ओढण्याआधी वर उचलावी, उंचीचा लिव्हर असेल तर. खाली सैल उशी घेऊन बसू नका, ब्रेकला ती घसरते आणि माणूस बेल्टखाली सरकतो. मग कंबर सीटच्या अगदी मागे टेकवून, चप्पल नाही, नीट बूट किंवा सँडल घालून, क्लच पूर्ण खाली दाबा, गुडघा तरीही थोडा वाकलेला राहिला पाहिजे. ऑटोमॅटिक असेल तर हेच उजव्या पायानं ब्रेक दाबून. मग पाठ, खांदे टेकलेले असताना हात सरळ पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. एवढं करून छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यात निदान 25 सेंटिमीटर अंतर ठेवा, वीतभर आणि वर दोन बोटं धरा, एअरबॅग त्या अंतराच्या आत बसलेल्या माणसाला वाचवण्याआधी मारते. अंतर कमी पडत असेल तर पाठ थोडी मागे आणि स्टिअरिंग खाली, सीट मागे नेऊन पाय ताणून चालवणं नको. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या कडेबरोबर, निदान कानाच्या वरच्या कडेच्या खाली नको, आणि डोक्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. बहुतेक गाड्यांत हेडरेस्ट सगळ्यात खाली ढकललेलीच असते, मागून कोणी धडकलं की मान तिच्यावरून मागे वळते. आरसे सगळ्यात शेवटी.

घरातल्या तिघांना आपापली जागा पटकन सापडावी म्हणून आम्ही रेलच्या बाजूला प्लास्टिकच्या कव्हरवर नेलपॉलिशचे तीन ठिपके दिलेत, रंग वेगवेगळे. अंधारात चाचपडत दांडी ओढणं कमी झालं.

शेजारच्या सीटलाही हेच लॉक असतं आणि मागच्या सीटलाही तिचं लॉक असतं, ते कोणी बघत नाही. समृद्धीवर भरवीर, इगतपुरीच्या बाजूनं निघालं की शेजारचा माणूस सीट पूर्ण आडवी करून झोपतो. तिथं सपाट पट्ट्यात कारना 120 ची मर्यादा आहे, त्या वेगात गाडी एका सेकंदात 33 मीटर जाते, आणि आडव्या माणसाचा बेल्ट अंगापासून सुटून हवेत असतो, धडकेला माणूस बेल्टखालून पुढे सरकतो आणि कमरेचा पट्टा पोटात घुसतो. झोपायचंय तर झोपू द्या, पाठ थोडीच मागे, बेल्ट खांद्यावर टेकलेला. कमरेचा पट्टा पोटावर नाही, हाडांवर, गरोदर बाईचा तर पोटाच्या खालून. डॅशबोर्डवर पाय ठेवून बसलेल्यांना मी उतरवूनच देईन.

मागच्या सीटची पाठ दुमडणारी असेल तर डिकीत सामान भरून परत उभी करताना ती दोन्ही बाजूला लॉक झाली का बघा, काही गाड्यांत लॉक नसेल तर लाल खूण दिसते. ती अर्धवट राहिली आणि मागे भाजीची क्रेट्स, कांद्याची गोणी असेल तर ब्रेकला ते सगळं मागे बसलेल्यांच्या पाठीवर. सात सीटरवाल्यांनो, मधली रांग उलथून तिसऱ्या रांगेत माणसं बसवली की मधली परत खाली पाडल्यावर हातानं वर ओढून बघा, पाहुणे घेऊन त्र्यंबकला निघताना गडबडीत हेच राहतं. मागे बेल्ट लावणं कायद्यानं सक्तीचं आहेच, 194 बी कलमाखाली 1000 रुपये दंड, 14 वर्षांच्या आतलं मूलही बेल्टनं किंवा चाइल्ड सीटनं बांधलेलं पाहिजे. दंडाचं जाऊ द्या, 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सायरस मिस्त्रींची गाडी धडकली, मागे बसलेले दोघं गेले, पोलिसांच्या म्हणण्यानुसार दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते, आणि पुढचे दोघं वाचले. पोराला पुढे मांडीवर घेऊन बसणं तर बंदच करा, एअरबॅग आणि तुमच्या मधे ते पोर असतं. उलट्या तोंडाची बेबी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच लावायची नाही.

गॅरेजला टाकणार असाल तर "सीट सरकते, बघा जरा" एवढंच सांगू नका, परत स्प्रे मारून मिळेल. असं सांगा : आतल्या किंवा बाहेरच्या अमुक बाजूचा खटका पडत नाही, सीट अमुक जागी असताना पडत नाही, मॅट आणि कव्हर काढून बघितलंय, रेल साफ करून खटका दोन्ही बाजूला पूर्ण आत जातो का ते मला दाखवा, मग ग्रीस. गाडी परत घेताना पैसे देण्याआधी स्वतः बसा, पुढे, मधे, मागे तिन्ही जागी लॉक करून झटका द्या, खाली उतरून फ्रेम धरून हलवा, चावी लावून एअरबॅगचा दिवा लागून विझतो का बघा, बेल्ट लावून बकल ओढून बघा. एखाद्या जागी एक कोपरा जरी हलला तरी गाडी तिथंच ठेवा आणि रिक्षानं घरी जा.